गाळानं गिळलेलं गोपकपट्टण

जुलै २०२१ चा पूर आपण चिपळूणच्या बायका कशा विसरू? पाणी दोन दिवसांत उतरलं, पण गाळ उपसता उपसता आपले हात दुखून आले. आमच्या बचत गटांच्या वह्यासुद्धा त्या गाळातच गेल्या. म्हणून आज आम्ही तुम्हाला अशा एका शहराची गोष्ट सांगणार आहोत, ज्याला तलवारीनं मारलं आणि गाळानं पुरलं.

पणजीहून मडगावला निघालं की जुवारी नदी लागते. अलीकडच्या काठावर आगशी, पलीकडे कुठ्ठाळी. १९८३ साली पूल झाला. त्याआधी लोक इथून फेरीबोटीनं नदी ओलांडायचे. याच आगशीजवळ हजार वर्षांपूर्वी गोपकपट्टण नावाचं बंदर होतं.

गोव्यावर तेव्हा कदंबांचं राज्य होतं. त्यांची राजधानी आत चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदर गावी होती. अकराव्या शतकात त्यांनी ती जुवारीच्या काठावर आणली. समुद्रातलं गलबत थेट धक्क्याला लागावं आणि आतल्या मुलखातला माल नदीनं खाली यावा, अशी ही मोक्याची जागा.

राजा जयकेशी पहिला याच्या काळातला एक ताम्रपट सापडला आहे. त्यात छडम नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. हा अरब व्यापारी घराण्यातला. त्यानं इथं मशीद बांधली. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर घ्यायची मुभा राजानं दिली. जहाजं कुठकुठली, त्यांची यादीच त्यात आहे. सौराष्ट्र, केरळ, सिंहल, ठाणं, संगमेश्वर... आणि हो, आपलं चिपळूणसुद्धा! परमुलखातून आलेल्या माणसालाही जागा देणारं हे शहर होतं, म्हणूनच ते भरभराटीला आलं.

बाराव्या शतकात इथल्या राणी कमलादेवीनं बेळगाव जिल्ह्यातल्या देगावला कमलनारायणाचं मंदिर बांधलं. ते आजही उभं आहे. राणीचं नाव दगडावर कोरलेलं राहिलं. पण धक्क्यावर मासळी विकणाऱ्या, भात कांडणाऱ्या बायकांची नावं कुणीच लिहिली नाहीत.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा आल्या. मग बहमनी आले, विजयनगरवाले आले. शहर या हातातून त्या हातात गेलं. लुटलेला बाजार पुन्हा भरतो हो, पण गलबतच धक्क्याला लागेना, तर व्यापाऱ्यानं काय करायचं? जुवारीच्या काठाला गाळ साचत गेला. व्यापार हळूहळू उत्तरेला, मांडवीकाठच्या एला गावी गेला. १५१० साली पोर्तुगीजांनी जिंकलं ते एला, आज आपण त्याला जुनं गोवं म्हणतो. गोपकपट्टणच्या वाट्याला उरलं फक्त नाव, गोवा वेल्हा. पोर्तुगीज भाषेत वेल्हा म्हणजे जुना. आज तिथं ओहोटीला चिऱ्यांची लांबच लांब भिंत उघडी पडते आणि राजवीथी या जुन्या रस्त्याच्या खुणा दिसतात. एवढंच.

मैत्रिणींनो, शहर एका दिवसात बुडत नाही. गाळ वर्षानुवर्षं साचतो आणि आपण म्हणतो, बघू पुढच्या साली. म्हणून वाशिष्ठीतल्या गाळाचा विषय ग्रामसभेत निघाला, की तो पुरुषांचा म्हणून सोडून देऊ नका. आपला बाजार त्याच नदीच्या काठी भरतो.

आणि दुसरं. छडमचं नाव आपल्याला कळलं ते तांब्यावर लिहिलं होतं म्हणून. आपल्याकडे तांबं नाही, वही आहे. पुरानंतर आम्ही पहिली गोष्ट केली ती नव्या वह्या आणण्याची. पहिल्या पानावर सगळ्या सभासदांची नावं लिहिली, पूर्ण नावं. यंदा पावसाच्या आधी त्या वह्या माळ्यावर चढवायला विसरू नका.