मजुरी वाढली, कामे आटली

1946 मध्ये मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 मध्ये कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात तेलगिरण्या, डाळगिरण्या, विडीकाम होते, शेतीही होती. बुलढाण्याच्या भूमिहीनाला मात्र तो खरा भेटला रोजगार हमीच्या कामावर. ‘हमीमुळे मजूर मिळत नाही’ ही छोट्या शेतकऱ्याची ओरड मी ऐकत आलो. (ती सगळीच खोटी नव्हे, आपल्या कापसाचा भाव तो स्वतः ठरवीत नाही.) 1988 मध्ये हमीचा दर सुमारे दुप्पट झाला, आणि राज्यभर हमीचे काम झपाट्याने घटले. मजूर हटले काय? नाही, सरकारनेच कामे आखडली. पैसा नव्हता म्हणावे, तर हमीच्या नावाने खामगाव-मलकापूरच्या दुकानदाराकडूनही व्यवसायकर घेतला जातच होता.