गंगा कोठीच्या छतावरील सोळा छिद्रे

१/ कोल्हापुराहून पन्हाळ्यावर गेलेला प्रत्येक जण अंबरखाना पाहतो. गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारांची नावे ऐकतो आणि पुढे निघतो. मान वर करून छताकडे पाहणारे थोडेच. या वास्तूचे खरे शहाणपण मात्र तिथेच आहे.

२/ गंगा कोठी तिन्हींत मोठी. क्षेत्रफळ सुमारे १०,२०० चौरस फूट, उंची ३५ फूट. क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. (वीस मणांची एक खंडी, पण मण प्रांतागणिक बदले, म्हणून किलोत हिशोब मांडण्याचा मोह टाळावा.) आत सोळा खण, प्रत्येकावर चपटा घुमट आणि घुमटाच्या माथ्यावर एक छिद्र. जिन्याने धान्य छतावर न्यायचे आणि या छिद्रांतून खाली ओतायचे.

३/ सोळा छिद्रे कशाला? धान्य पाण्यासारखे सपाट पसरत नाही. त्याची रास होते, आणि राशीचा उतार आपला कोन सोडत नाही. एकच छिद्र असते तर राशीचे टोक छताला भिडले असते आणि कोपरे रितेच राहिले असते. बांधणाऱ्याने हे गणित कागदावर मांडले असेल असे मला वाटत नाही. खळ्यावर रास पाहिलेल्याला ते नजरेनेच कळते.

४/ रित्या कोपऱ्याची किंमत वेढ्यात कळते. १६६० च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज गडावर असताना सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला. पाऊस लागला तरी वेढा ढिला होईना. १२ जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले, तोवर चार महिने गडाची मदार साठ्यावरच होती.

५/ दाण्यांच्या या स्वभावाचे सूत्र १८९५ साली यान्सेन या जर्मन अभियंत्याने मांडले. हौदात तळाचा दाब खोलीबरोबर वाढत जातो; उंच कोठारात मात्र घर्षणामुळे भिंतीच बराचसा भार पेलतात आणि काही उंचीनंतर तळाचा दाब जवळजवळ वाढतच नाही. हेच घर्षण कोठाराच्या तोंडाशी दाण्यांची कमान बांधते. कमान बसली की प्रवाह थांबला.

६/ त्याच दशकात लंडनच्या गोदीत जहाजातले धान्य हवेच्या ओढीने नळातून उपसले जाऊ लागले. आज सिमेंट, मैदा, राख असेच वाहून नेतात. कसोटी तोंडाशीच असते. तिथले रोटरी व्हॉल्व्हचे कप्पेदार चक्र ठरावीक मापाने भुकटी सोडते आणि नळातली हवा उलटी निसटू देत नाही. भुकटी जास्त पडली किंवा हवेचा वेग घटला, तर ती तळाशी बसते आणि नळ तुंबतो.

७/ गंगा कोठीत हे चक्र म्हणजे पाठीवर पोते घेऊन जिना चढणारा माणूस होता. कोणत्या छिद्रात ओतायचे आणि कधी थांबायचे, हे त्याच्याच हाती.