बॅट कोणाच्या हातात?

वर्ध्यातल्या शाळांत पी.टी.च्या तासाला क्रिकेट शिकवताना बाळू पालवणकरांचं नाव निघायला हवं. चांभार समाजातल्या बाळूंनी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात तासन्‌तास गोलंदाजी केली. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. पुण्याच्या हिंदू संघानं घेतलं, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले, तरी हिंदूंचं कर्णधारपद मिळालं नाही. ते 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. म्हणून आपणही त्यांना विसरायचं? त्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या श्रमातून शिक्षण देण्याचं ठरलं. बाळूंच्या वाट्याला तर नुसते श्रमच आले होते! मास्तरांना विचारा, रोज चेंडू आणायला कोण धावतं आणि पहिली बॅटिंग कोणाची?