यवनांचे जहाज आणि पैठणची वाट

ग्रीस देशाच्या किनाऱ्याने फिरणारी प्रवासी जहाजे आज पुष्कळ झाली आहेत. जहाज सकाळी बंदराला लागते. प्रवासी खाली उतरतात. ज्याची ऐपत असेल तो स्वतंत्र मोटार आणि वाटाड्या ठरवितो, दिवसभर जुने अवशेष पाहतो आणि जहाज सुटण्याच्या आत परत येतो. पिरियस बंदरात उतरून अथेन्सची ॲक्रोपोलिस टेकडी पाहावयाची, कताकोलो बंदरातून ऑलिंपियाचे मैदान गाठावयाचे, ऱ्होड्स बेटावर लिंडोसचे प्राचीन देवालय पाहावयाचे, असा हा क्रम असतो. वाटाड्या सांगेल ते ऐकावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि पुढच्या बंदराला निघावयाचे.

आपल्या चितेगावातील पालकांपैकी अशा सफरीला जाण्याइतका पैसा फारच थोड्यांजवळ असेल. पण त्याची खंत करण्याचे कारण नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषा बोलणारे लोक जहाजात बसून आपल्या देशाकडे येत होते. ज्या शहराच्या मालासाठी ते येत, ते शहर आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला आहे. एस. टी. ने तासाभरात तेथे पोहोचता येते. ते शहर म्हणजे पैठण होय.

ही हकीकत आपणांस एका ग्रीक ग्रंथावरून कळते. त्याचे नाव 'पेरिप्लस' असे आहे. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या जलप्रवासाचे वर्णन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तो लिहिला. त्याने आपले नाव कोठेही दिलेले नाही. मात्र कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोठे खडक आहेत, कोणत्या राजाचा अंमल कोठवर चालतो, हे सारे त्याने जाणत्या माणसाप्रमाणे नोंदविले आहे. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे जुलै महिन्यात निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडीत आणि हिवाळ्यात वारे उलटले म्हणजे परत जात. ह्या वाऱ्यांना आपण 'मोसमी' वारे म्हणतो. 'मौसिम' म्हणजे ऋतू हा अरबी शब्द आहे. समुद्रावर जन्म काढणाऱ्या अरब नाखव्यांनी तो आपल्या भाषांना दिला.

ह्या जहाजांचे मोठे ठिकाण म्हणजे नर्मदेच्या मुखावरील भडोच. ग्रीक लोक त्याला बारिगाझा म्हणत. तेथील भरती-ओहोटी इतकी जबर होती की, अनोळखी तांडेलाच्या हातून जहाज हमखास गाळात रुतावयाचे. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन पार समुद्रात पुढे येत आणि परदेशी जहाजांना वाट दाखवीत आत आणीत. आमच्या कोळ्यांच्या मदतीवाचून यवनांचे जहाज धक्क्याला लागत नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता एक गंमत पाहा. किनाऱ्यावर उतरलेले हे ग्रीक लोकही आजच्या प्रवाशांप्रमाणे अवशेष पाहत होते. ग्रंथकार लिहितो की, ह्या भागात शिकंदराच्या स्वारीच्या खुणा अजून शिल्लक आहेत : जुनी देवळे, छावणीचे पाये आणि मोठमोठ्या विहिरी. म्हणजे परदेशात आलेल्या ग्रीक माणसाला कोणीतरी ग्रीकांचेच अवशेष म्हणून ते दाखविले असावेत, किंवा त्याने स्वतःच तसे मानून घेतले असावे. परंतु शिकंदर गुजरातेत कधी आलाच नव्हता. इ. स. पूर्व ३२६ मध्ये तो पंजाबात बियास नदीपर्यंत आला, तेथून माघारी फिरला आणि सिंधू नदीच्या काठाने समुद्राकडे उतरून परत गेला. त्या विहिरी आणि ते पाये दुसऱ्याच कोणाचे होते.

पण हाच ग्रंथकार आणखी एक नोंद करतो. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर ह्या राजांची, ग्रीक अक्षरे कोरलेली जुनी नाणी अजून चालतात, असे तो सांगतो. ही नोंद भरवशाची आहे. हे दोघे शिकंदरानंतर वायव्येकडे राज्य करून गेलेले ग्रीक राजे होते आणि त्यांची नाणी आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. एकाच माणसाची एक गोष्ट खोटी ठरते आणि दुसरी खरी ठरते, ती का? नाण्यावरील अक्षरे त्याला वाचता येत होती. विहिरीबद्दल मात्र तो ऐकीव माहितीवर विसंबला. विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाचा अभ्यास म्हणजे दुसरे काय? नाणे कोणते आणि विहीर कोणती, हे ओळखावयास शिकणे.

भडोचहून दक्षिणेकडे पसरलेल्या मुलखाला ग्रंथकार 'दखिनबदेस' म्हणतो, आणि इकडच्या लोकांच्या भाषेत दक्षिणेला 'दखन' म्हणतात, असा खुलासाही करतो. हा आपला दक्षिणापथ, आपले दख्खन. आपल्या घरांतून बोलली जाणारी दखनी बोली आपले नाव ह्याच शब्दावरून घेते. ह्या दख्खनमध्ये दोन पेठा विशेष मोठ्या असल्याचे तो सांगतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात जात आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल. हा सारा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या रानांतून भडोचला नेला जाई. उलट बाजूने द्राक्षाची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि सोन्याचांदीची नाणी येत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगठीत अकीकाचा खडा दिसतो, तशाच दगडांनी भरलेल्या गाड्या पैठणहून उत्तरेकडे ह्याच पठारावरून गेल्या.

तगर म्हणजे कोणते गाव, ह्यावर विद्वानांत बराच काळ वाद होता. कोणी आपले दौलताबाद म्हणत, कोणी जुन्नर म्हणत. इ. स. १९०१ मध्ये फ्लीट ह्या संशोधकाने ते धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, असे दाखवून दिले आणि पुढे तेथील उत्खननांनी त्याला पुष्टी मिळाली.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना घेऊन मी पैठणला गेलो होतो. गाडीत मी त्यांना सातवाहन राजांची माहिती सांगत होतो. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन शक, यवन आणि पह्लव ह्यांचा संहार करणारा असे केले आहे, हे सांगताच मागच्या बाकावरील एक मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, यवन म्हणजे आपणच ना? गावात नाटकात तसेच म्हणतात."

मला त्या प्रश्नाने चटका बसला. तेरा-चौदा वर्षांचे पोर एका शब्दापुढे मान खाली घालून उभे होते, आणि तो शब्द काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी त्याला शेजारी बसवून घेतले आणि म्हणालो, "बाळा, तुझ्या दादीला गुडघेदुखीवर हकीमसाहेब औषध देतात, ते कोणते?" तो म्हणाला, "युनानी." मी म्हणालो, "मग झाले तर! युनानी आणि यवन हा एकच शब्द आहे."

आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रांत होता. त्यावरून इराणी लोक ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. प्राकृतात त्याचे 'योन' झाले; अशोकाच्या शिलालेखांत तो शब्द आहे. संस्कृतात 'यवन' झाले, अरबीत 'युनान' झाले. गौतमीपुत्राचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. इस्लामचा उदय सातव्या शतकातला. तेव्हा त्या लेखातील यवन मुसलमान असणे शक्यच नाही. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणत्याही परक्याला हा शब्द लावण्याचा प्रघात पडला आणि मध्ययुगात तो मुसलमानांना चिकटला. शब्द प्रवास करतात, त्यांचे अर्थ बदलतात. शब्दाचा उगम ज्याला ठाऊक आहे, त्याला तो टोचत नाही.

शिवाय यवनांची गोष्ट केवळ लढाईची नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडील यवनाने एक लेणे खोदविले; त्याच्या बापाचे नाव धर्मदेव. नावे पाहा, दाने पाहा. हे लोक आले, राहिले, इकडची नावे घेतली आणि वाटसरूला पाणी मिळावे म्हणून खडकात टाकी खोदली. राजाच्या प्रशस्तीत यवनांचा संहार आहे आणि लेण्याच्या भिंतीवर यवनांचे दान आहे. दोन्ही लेख खरे आहेत. त्यांतील एकच वाचून जो निकाल देतो, त्याला अर्धाच इतिहास कळला.

यवनांच्या विद्येचे काय झाले, हेही मुलांनी जाणून घेतले पाहिजे. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या भूगोलात पैठणचे नाव 'बैठन' असे आहे आणि तेथील राजा श्री पुळुमावी ह्याचे नाव ग्रीक वळणाने दिले आहे. नवव्या शतकात बगदादेत ग्रीक ग्रंथांचे अरबीत भाषांतर करण्याचे मोठे कार्य चालले होते. हुनैन इब्न इसहाक ह्या ख्रिस्ती विद्वानाने जालिनूस, म्हणजे गॅलेन, ह्याचे वैद्यकग्रंथ अरबीत आणले. अल्-ख्वारिझमीने टॉलेमीच्या भूगोलाच्या आधारे आपला भूगोल रचला. आपण मराठीत एखादी गोष्ट फारच छान असली की 'अफलातून' म्हणतो. तो शब्द म्हणजे प्लेटोचे अरबी नाव आहे! ग्रीक तत्त्वज्ञ अरबीच्या वाटेने मराठी माणसाच्या जिभेवर येऊन बसला, आणि कोणाला त्याचा पत्ताही नाही.

ह्याच परंपरेतील अल्-बिरूनी अकराव्या शतकात हिंदुस्थानात आला. येथील विद्या समजून घेण्यासाठी तो संस्कृत शिकला आणि इ. स. १०३० च्या सुमारास त्याने आपला हिंदुस्थानविषयक ग्रंथ पुरा केला. त्यात त्याने ग्रीक व हिंदी विचारांची जागोजाग तुलना केली आहे. ऐकलेल्या गोष्टीला डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची सर येत नाही, ह्या विचारानेच त्याच्या ग्रंथाचा आरंभ होतो. भडोचच्या विहिरीपाशी चुकलेल्या त्या ग्रीक व्यापाऱ्याला हाच धडा हवा होता.

पैठणची जमीन उकरून पाहण्याचे काम आपल्याच भागातील माणसांनी आरंभिले. हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी ह्यांच्या कारकिर्दीत, १९३६-३७ च्या सुमारास, पैठण येथे उत्खनन झाले. अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा ग्रंथ सिद्ध करणारे यझदानी हेच. पुढे १९९६ ते १९९८ ह्या काळात भारतीय व ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी मिळून पुन्हा तेथे खोदकाम केले, तेव्हा विटांच्या जुन्या मंदिरांचे अवशेष हाती आले. पण सारे काम काही साहेबांनीच केले असे नाही. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठण येथे बाळासाहेब पाटील ह्यांनी आपल्या परिसरातील जुन्या वस्तू जमवून जपल्या. आज त्या दोघांच्या नावे दोन्ही गावी संग्रहालये आहेत. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती ह्यांतील साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरी येथे तर ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती मिळाली.

त्या दिवशी संग्रहालयात तो मुलगा जुन्या नाण्यांच्या कपाटापुढे बराच वेळ उभा होता. परतताना बसमध्ये त्याने आपल्या सोबत्यांना यवन शब्दाची सारी हकीकत ऐकविली, माझ्याहून सोपी करून. चितेगावच्या फाट्यावर उतरताना म्हणाला, "सर, पुढच्या वेळी दादीलाही आणतो. तिला सांगतो, तुझे औषध ह्याच लोकांकडून आले."

पालक बंधु-भगिनींनो, ग्रीसची सफर ज्याला जमेल त्याने अवश्य करावी. परंतु त्याआधी एका रविवारी मुलांना घेऊन पैठणला जा. भाकरी बांधून घ्या, गोदावरीच्या काठी बसून खा. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूपुढे मुलाला विचारा : हे कोणी सांगितले, आणि त्याला कसे कळले? ज्या मुलाला हा प्रश्न विचारण्याची सवय लागेल, त्याला कोणत्याही वाटाड्याकडून फसण्याचे भय नाही आणि कोणत्याही शब्दापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.