तरंगणारी अंडी

शॅमेलियन हा झाडावर राहणारा, रंग बदलणारा आणि लांब जीभ फेकून किडे पकडणारा सरडा आपण निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. येमेन आणि मादागास्करमधल्या त्याच्या काही जाती युरोप-अमेरिकेत लोक हौसेने पाळतात. आपल्या सरड्याच्या आतड्यात जंत आहेत का, हे पाहण्यासाठी यांतली काही मंडळी घरीच एक तपासणी करतात. सरड्याची थोडी ताजी विष्ठा घ्यायची, मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवायची आणि गाळायची. गाळलेले पाणी छोट्या नळीत काठोकाठ भरून वर काचेचा पातळ तुकडा ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी तो तुकडा उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जंत अंडी घालत असतील, तर ती अंडी बहुधा या तुकड्याला चिकटलेली सापडतात.

मीठ, पाणी, काच आणि सूक्ष्मदर्शक. यांतली एकही वस्तू दुर्मीळ नाही. तरी विष्ठेत सूक्ष्म जीव असतात हे प्रथम दिसल्यापासून ही सोपी रीत रूढ होईपर्यंत सुमारे २४० वर्षे गेली. इतका वेळ का लागला असेल?

पाहिले, पण अर्थ लागला नाही

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून दिसेल ते पाहण्याचा सपाटा लावला होता. १६७४ मध्ये त्याने एका म्हाताऱ्या सशाचे पित्त तपासले. त्यात त्याला लंबगोल कण दिसले. ते ‘कॉक्सिडिया’ या परजीवी आदिजीवांचे कण होते, असे आज मानले जाते. १६८१ मध्ये पोट बिघडलेले असताना त्याने स्वतःचीच विष्ठा भिंगाखाली धरली. तिच्यात चपळ हालणारे बारीक जीव होते. एरवीच्या घट्ट विष्ठेत ते दिसत नाहीत, पातळ झाली की दिसतात, अशीही नोंद त्याने केली. हा जीव म्हणजे आजचा ‘जिआर्डिया’ असावा, हे क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

इतके दिसूनही पुढची पावणेदोनशे वर्षे रोगनिदानासाठी याचा उपयोग झाला नाही. सूक्ष्मदर्शक महाग होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण विचारांतले होते. जंत माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. आपल्याकडे चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. परंतु जंत शरीरातच, अन्न किंवा मळ कुजून आपोआप तयार होतात, ही समजूत युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. जंत आपोआप उपजत असतील, तर त्यांची अंडी शोधायची कशाला? पडलेला जंत डोळ्यांना दिसणे हाच तेव्हा पुरावा होता.

अंड्यांकडे लक्ष गेले

१८३८ मध्ये मिलान येथे डुबिनी या डॉक्टरांना एका शेतकरी स्त्रीचे शवविच्छेदन करताना आतड्यात एक अनोळखी कृमी सापडला. १८४३ मध्ये त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन करून त्याला नाव दिले. हाच अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म. तो आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. पण तो पोटात आहे हे रुग्ण मेल्यावर कळून काय उपयोग?

फ्रान्समध्ये दाव्हेन यांनी १८५७ मध्ये सुचवले की विष्ठेतली अंडी सूक्ष्मदर्शकाने पाहिली, तर जिवंत माणसाच्या पोटातले जंत ओळखता येतील. १८७८ मध्ये इटलीत ग्रासी आणि पारोना बंधू यांनी अंकुशकृमीचे निदान याच रीतीने करता येते हे दाखवले. ग्रासी तेव्हा विद्यार्थी होता. पुढच्याच वर्षी त्याने एक धाडस केले. आपल्या विष्ठेत गोलकृमीची अंडी नाहीत याची आधी वारंवार खात्री करून घेतली आणि मग मृतदेहातून मिळवलेली अंडी गिळली. सुमारे महिनाभराने त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागली. गिळलेल्या अंड्यातून निघालेला गोलकृमी मोठा होऊन स्वतः अंडी घालू लागायला दोन ते तीन महिने लागतात, हे आपल्याला आज माहीत आहे. त्यामुळे ग्रासीला दिसलेली अंडी कदाचित दुसऱ्याच कुठल्या तरी संसर्गातून आलेली असावीत. प्रयोगामागचा विचार बरोबर होता. पण ‘आधी अंडी नव्हती’ याचा अर्थ ‘आधी जंत नव्हते’ असा होतोच असे नाही.

याच सुमारास आल्प्स पर्वतात सेंट गोटहार्ड बोगद्याचे काम चालू होते. सुमारे १५ किलोमीटर लांबीचा हा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. तिथले मजूर पांढरेफटक पडून, धाप लागून मरू लागले. कोंदट हवा हे कारण सांगितले जाई. १८८० मध्ये तुरीनच्या पेरॉन्चितो आदी संशोधकांनी या मजुरांत अंकुशकृमी आढळल्याचे जाहीर केले. उबदार, ओलसर बोगद्यात शौचाची सोय नव्हती आणि कृमी तिथे भराभर पसरत होते. आता विष्ठातपासणीला मोल आले. कोणाला औषध द्यायचे ते तिच्यावरून ठरवता येऊ लागले.

गंजीतली सुई

तरी एक अडचण उरली. काचपट्टीवर पातळ थर द्यायचा तर विष्ठा घेता येते काही मिलिग्रॅम. जंत भरपूर असतील तर एवढ्यातही अंडी दिसतात. थोडे असतील तर निसटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि पुढे इतर देशांत अंकुशकृमीविरुद्ध मोहिमा निघाल्या. हजारो माणसे तपासायची होती. जास्त विष्ठा घेऊन तिच्यातली अंडी तेवढी वेगळी काढता आली तर?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात होते. अंकुशकृमीचे अंडे साधारण ०.०६ मिलिमीटर लांब असते आणि पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०५ ते १.०८ च्या आसपास. म्हणून पाण्यात ते तळाशी बसते. १०० मिलिलीटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळवले की द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.२ होते. त्यात अंडे तरंगते, तर विष्ठेतला बराचसा जड गाळ खालीच राहतो.

अमेरिकन डॉक्टर बास यांनी १९०६ मध्ये कॅल्शियम क्लोराइडचे जड द्रावण आणि सेंट्रिफ्यूज वापरून हा विचार अमलात आणला. १९१८ मध्ये कोफॉइड आणि बार्बर यांनी साधे मीठ वापरले. १९२१ मध्ये विलिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात आपली रीत प्रसिद्ध केली: भांडे मिठाच्या पाण्याने काठोकाठ भरा, पृष्ठभागाला टेकेल अशी काच ठेवा, थांबा, उचला. सेंट्रिफ्यूज नको, वीज नको. १९२३ मध्ये शीदर यांनी जनावरांमधले कॉक्सिडिया शोधण्यासाठी मिठाऐवजी साखरेचे दाट द्रावण वापरले.

भारतातही या कामाचा धागा आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले क्लेटन लेन यांनी तरंगण्याच्या रीतीला सेंट्रिफ्यूजची जोड देऊन ती अधिक काटेकोर केली. एसा चँडलर यांनी १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधून देशातल्या अंकुशकृमीच्या प्रसाराची पाहणी केली. पुढे १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी मेंढ्यांसाठी रेघा आखलेली काचेची पेटी तयार केली. तिच्यामुळे एक ग्रॅम विष्ठेत किती अंडी आहेत ते मोजता येऊ लागले. माणसासाठी निघालेली रीत अशी गोठ्यात, मेंढवाड्यात आणि शेवटी सरडे पाळणाऱ्यांच्या टेबलावर पोचली.

नाही दिसले म्हणजे नाही?

शॅमेलियनमध्ये या रीतीने काय सापडते? गोलकृमींची अंडी आणि कॉक्सिडिया. येमेनी शॅमेलियनमधल्या एका कॉक्सिडियाचे वर्णन चेक संशोधकांनी १९९५ मध्ये केले आणि त्याला ‘आयसोस्पोरा याराच्सिमरमानी’ असे नाव दिले. यारा सिमरमान हा चेक नाटकांतला एक काल्पनिक महापुरुष आहे!

काय सापडत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फोलिएला नावाचा कृमी शॅमेलियनच्या कातडीखाली राहतो. त्याची पिल्ले रक्तात असतात, विष्ठेत नव्हे. पर्णकृमींची जड अंडी मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. नाजूक आदिजीव मिठाने आक्रसून ओळखू येईनासे होतात. जंत अजून लहान असतील, किंवा सगळे नरच असतील, तर अंडी असणारच नाहीत. उलट कधी कधी अंडे दिसते ते सरड्याने खाल्लेल्या किड्यातल्या परजीवीचे असते; सरड्याच्या पोटातून ते नुसते वाटसरूसारखे गेलेले असते. म्हणून अंडे दिसले की लगेच औषध पाजणे आणि दिसले नाही की निर्धास्त होणे, दोन्ही चूक. अर्थ लावायला पशुवैद्यच हवा. आपल्याकडचा शॅमेलियन तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

शाळेतली गोळी

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. शाळेत ती बहुधा शिक्षकांच्याच हातून दिली जाते. तेव्हा एखादी मुलगी विचारते, ‘‘सर, मला जंत नाहीत, मग मी गोळी का घेऊ?’’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे. प्रत्येक मुलाची विष्ठा तपासणे गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि तपासले तरी हलका संसर्ग निसटतो. म्हणून जिथे २० टक्क्यांहून अधिक मुलांत जंत आढळतात, तिथे न तपासता सर्वांना औषध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ही टक्केवारी काढण्यासाठी मात्र काही मुलांची विष्ठा तपासावीच लागते. सूक्ष्मदर्शक रिकामा बसलेला नाही. तो आता एका मुलाऐवजी एका जिल्ह्याचे निदान करतो.

वर्गात विष्ठा तपासायची नाही. संसर्गाचा धोका असतो. त्याऐवजी कोंबडीचे ताजे अंडे साध्या पाण्यात सोडा. ते बुडेल. मग चमच्याचमच्याने मीठ घालून हलक्या हाताने ढवळत जा. अंडे केव्हा वर येते ते मुलांना पाहू द्या, किती चमचे लागले ते मोजू द्या. नंतर विचारा: पाण्यात हजार अंडी असतील आणि त्यांतली काही मिठापेक्षाही जड असतील, तर वरवर पाहणाऱ्याला ती दिसतील का?