थीब्झविरुद्ध सात

ग्रीक पुराणकथांतील एक प्रख्यात युद्ध. बिओशिया प्रांतातील सात वेशींच्या थीब्झ नगरीवर आर्गॉसहून जे सात सेनापती चालून गेले, त्यांच्यावरून त्यास हे नाव पडले. हीसिअडने वीरयुगाचा संहार करणारी म्हणून जी दोन युद्धे सांगितली, त्यांत ट्रॉयच्या जोडीला थीब्झचेच नाव आहे.

कलहाचे मूळ भाऊबंदकीत होते. ईडिपसचे पुत्र एटिओक्लीझ व पॉलिनायसीझ यांनी आळीपाळीने एकेक वर्ष गादीवर बसावे असा करार झाला होता. परंतु मुदत सरल्यावरही एटिओक्लीझ गादी सोडीना, तेव्हा परागंदा झालेल्या पॉलिनायसीझने आर्गॉसचा राजा अ‍ॅड्रास्टस याच्या कन्येशी विवाह करून सासऱ्याची फौज आपल्याच जन्मभूमीवर आणली. त्याचा दावा न्याय्य होता, पण तो वसूल करावयाचा तर स्वतःच्या नगरीचे तट पाडावे लागणार होते. म्हणून या युद्धात कोणत्याही पक्षास निर्दोष ठरविता येत नाही.

सातांमध्ये खरा उदात्त पुरुष म्हणावा तो द्रष्टा अँफिअरेअस. अ‍ॅड्रास्टसवाचून कोणीही जिवंत परतणार नाही हे तो जाणून होता. तथापि मेहुणा अ‍ॅड्रास्टस याच्याशी मतभेद झाल्यास आपल्या पत्नीचा निवाडा मानण्यास तो वचनबद्ध होता, आणि त्या एरिफिलीने हार्मोनियाच्या कंठहाराच्या लोभाने युद्धाच्या बाजूने कौल दिला. एस्किलसच्या इ. स. पू. ४६७ मधील नाटकात इतर आक्रमकांच्या ढाली दर्पोक्तीच्या चिन्हांनी भरलेल्या आहेत. याची एकट्याची ढाल कोरी आहे, आणि शत्रू असूनही एटिओक्लीझ त्याच्या सत्त्वशीलतेबद्दल आदराने बोलतो. पराभवानंतर पळताना धरणी दुभंगून रथासह तो तीत गडप झाला. पुढे ऑरोपसजवळ त्याचे देवस्थान झाले, व तेथे रोगी निद्रेत दृष्टांत होण्याच्या आशेने मुक्काम करीत.

झ्यूसलाही न जुमानण्याची वल्गना करीत तटावर चढलेला कॅपेनिअस वज्राघाताने कोसळला. मरणोन्मुख टायडिअसने शत्रूच्या कवटीतील मेंदू भक्षिला, तेव्हा त्याच्यासाठी अमरत्व घेऊन आलेली अथीना किळसून माघारी फिरली. दोघे भाऊ परस्परांच्या हातून मेले. अ‍ॅड्रास्टस मात्र एरायन या दिव्य अश्वामुळे बचावला.

नगरी वाचली, परंतु नवा शासक क्रेऑन याने पॉलिनायसीझच्या प्रेतास मूठमाती देऊ नये असा हुकूम काढला, आणि तो मोडून भावाचे अंत्यसंस्कार करणाऱ्या अँटिगॉनीला सॉफोक्लीझने अजरामर केले. मूळ युद्धापेक्षा हा उत्तरभागच जगाच्या अधिक स्मरणात राहिला, आणि ते योग्यच झाले; कारण राजाज्ञा श्रेष्ठ की मृतांचे देणे श्रेष्ठ, हा प्रश्न गादीच्या वारशाहून फार मोठा आहे.

दहा वर्षांनी या सातांच्या पुत्रांनी, म्हणजे एपिगोनींनी, थीब्झ जिंकले. त्यांपैकी टायडिअसपुत्र डायोमीडीझ व कॅपेनिअसपुत्र स्थेनेलस हे पुढे ट्रॉयच्या रणांगणावरही लढले.