लाल कोट, पण नेमका कोणता लाल? वॉरगेमिंगचे सैनिक असे रंगवतात

इतिहासातली लढाई छोट्या सैनिकांनिशी टेबलावर खेळणं म्हणजे हिस्टॉरिकल वॉरगेमिंग. यातले बरेच सैनिक २८ मिलिमीटर मापाचे, प्लास्टिकचे किंवा धातूचे असतात. ते बिनरंगी मिळतात, रंगवायचे आपण.

रंग चुकला तर काय बिघडतं?
१८१५ च्या वॉटर्लू लढाईचं उदाहरण घेऊ. ब्रिटिशांच्या ४२ व्या आणि ९२ व्या हायलँड रेजिमेंटचे कोट लालच होते. पण कॉलर आणि मनगटपट्टी ४२ व्या रेजिमेंटची निळी, ९२ व्या रेजिमेंटची पिवळी. हा छोटा पट्टा चुकला, की टेबलावर भलतीच पलटण उभी राहते.

सगळ्यांना एकच लाल का नाही?
साध्या शिपायाचा कोट मॅडर वनस्पतीच्या मुळांच्या रंगाचा, म्हणजे विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्यांचं महागडं कापड कोचिनील किड्यापासून मिळणाऱ्या रंगामुळे भडक लाल दिसे. त्यामुळे कोटाच्या लाल छटेवरूनही हुद्दा कळतो.

रंगवायचं कसं?
१. सैनिक साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा.
२. प्रायमरचा पातळ थर द्या, म्हणजे रंग धरतो.
३. अ‍ॅक्रिलिक रंगात थोडं पाणी घालून कोट, पँट, चेहरा रंगवा. जाड थराने बारीक नक्षी बुजते.
४. गडद, पातळ ‘वॉश’ फिरवा. तो खाचांत उतरतो आणि सावली दिसते.
५. उंचवट्यांवर फिकट रंग लावा.
६. शेवटी मॅट वार्निश द्या. खेळताना सैनिक सतत हाताळले जातात, वार्निश नसेल तर रंग उडतो.

एकेक सैनिक पूर्ण करू नका. दहा-बारा जण रांगेत ठेवून सगळ्यांचा एक रंग आटपा, मग पुढचा घ्या.